दोन फरश्यांमधली सांध

एका गावात एक चौक होता, आणि त्या चौकावर साऱ्या गावाचा जीव होता. चौकावर जीव कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आधी ते गाव कसं होतं, ते ऐका.

गाव कातळावर वसलेलं होतं. जागा उंच, वारा भरपूर, पण पायाखाली सगळा खडक. विहीर खणायला घेतली की पहारी बोथट व्हायच्या आणि पाणी काही लागायचं नाही. म्हणून गावातल्या जुन्या माणसांनी एक मोठं टाकं केलं. तीन बाजूंना खडक होताच. चौथ्या, उताराकडच्या बाजूला त्यांनी चुन्यात दगडी भिंत बांधली. वर दगडी तुळया टाकल्या, तुळयांवर काळ्या फरश्या बसवल्या. तोच हा चौक. पावसाळ्यात चौकावर पडलेलं पाणी कोपऱ्यातल्या मोरीतून टाक्यात उतरायचं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत चोवीस घरांना पुरायचं.

चौक स्वच्छ राहिला तर पाणी स्वच्छ राहणार, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून टाकं बांधणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्यानं जाताना सांगितलं होतं, "फरश्या वाटून घ्या. ज्याच्या दारासमोरच्या, त्यानं त्या राखायच्या. म्हणजे भांडण व्हायचं नाही."

गावानं ते अगदी मनावर घेतलं. प्रत्येक घराच्या वाट्याला सहा-सहा फरश्या आल्या. दर सोमवारी सकाळी घराघरातून बायका खराटा, खुरपं आणि जुनं गोणपाट घेऊन बाहेर पडायच्या. पाणी मोलाचं, म्हणून फरशी कोरडीच घासायची. आपल्या सहा फरश्यांमध्ये कुठे गवताची काडी दिसली तर ती खुरप्यानं मुळासकट काढायची. मग गोणपाटानं अशी घासायची की दगडात आपलं तोंड दिसलं पाहिजे. कुणाची फरशी जास्त चमकते यावर आठवडाभर बोलणं चालायचं. लग्न ठरवायला आलेले पाहुणे मुलीच्या आधी फरशी बघायचे, इथपर्यंत मजल गेली होती.

फक्त एक गोष्ट राहून गेली होती. एका घराची शेवटची फरशी आणि दुसऱ्या घराची पहिली फरशी यांच्यामध्ये जी फट असते, ती सांध, ती कुणाच्या वाट्याला येते हे गवंडी सांगायला विसरला होता. विसरला म्हणण्यापेक्षा, इतकं तर कुणालाही कळेल असं त्याला वाटलं असावं.

तिथेच त्याचं चुकलं. फरशी घासली की माती निघते. ती शेजाऱ्याच्या फरशीवर ढकलली तर शेजारीण भांडायला उठणार. मग ती जाणार कुठे? सांधीत. इकडचीही माती सांधीत, तिकडचीही सांधीत. दर सोमवारी दोन्ही बाजूंनी थोडी थोडी. सांधीतला जुना चुना हळूहळू सुटला, मातीचा चांगला बोटभर थर बसला, आणि त्यात हराळी, लव्हाळा, आघाडा सगळे सुखानं नांदू लागले. लांबून बघितलं तर चौक असा दिसायचा, की चमकणाऱ्या फरश्यांचे चोवीस चौकोन आणि प्रत्येकाला हिरवी किनार. गावाला ती किनार इतकी सवयीची झाली, की ती कुणाला दिसेनाशी झाली.

या चौकात, उताराकडच्या भिंतीच्या बरोबर वर, एक शिंप्याचं घर होतं आणि त्याला लागून कासाराचं. शिंप्याच्या घरात ठकूबाईचं राज्य, कासाराच्या घरात भिवराबाईचं. दोघींच्या फरश्या गावात पहिल्या नंबरच्या. दोघी एकमेकींशी गोड बोलायच्या आणि एकमेकींच्या फरशीवर बारीक नजर ठेवायच्या.

एका वर्षी ठकूबाईच्या घरी सून आली. तिचं नाव सगुणा. तिच्या माहेरी मातीचं अंगण होतं, त्यात तण दिसलं की ज्याला दिसलं त्यानं उपटायचं, एवढीच रीत तिला माहीत. पहिल्याच सोमवारी ती खुरपं घेऊन बसली. सहा फरश्या झाल्यावर तिला कडेच्या सांधीत हराळी दिसली. तिनं पदर खोचला आणि खुरप्याच्या टोकानं माती सैल करत, मुळं धरून हळूहळू ओढत ती सांध साफ करायला लागली. अर्धी सांध झाली असेल, तोच समोर दोन पाय येऊन उभे राहिले.

"कोण गं तू? आमच्या हद्दीत खुरपं कशापायी घातलंस?" भिवराबाईनं विचारलं.

"सांध साफ करतेय, मावशी."

"सांध कुणाची?"

सगुणानं विचार केला. "दोघांची."

"दोघांची, म्हंजी तुझ्या एकटीची न्हाई. ठेव ते खुरपं!"

आवाज ऐकून ठकूबाई बाहेर आली. आपली सून बरोबर करतेय हे तिला दिसत होतं, पण गाव बघत होतं. तिनं सगुणाला हाताला धरून घरात नेलं आणि दार लोटून म्हणाली, "अगं, आज त्यांची सांध काढशील, उद्या त्या फरश्या बी तुझ्याकडनंच घासून घेतील. आपलं झालं ना? मग उठायचं."

"पण आत्याबाई, गवत तिथंच वाढतंय."

"वाढू दे. आपल्या फरशीवर तर न्हाई ना वाढत?"

 नवी सून, नवं गाव. पुढच्या सोमवारपासून ती सहा फरश्या घासून उठायला शिकली.

श्रावणात एक दिवस फरशी घासताना तिला त्याच सांधीत एक रोप दिसलं. दोनच पानं, तांबूस, कोवळी. पिंपळ. कुठल्यातरी पाखराच्या विष्ठेतून बी पडलं असणार. तिनं ते दोन बोटांत धरलं. माती ओली होती, जरा ओढलं असतं तर मुळासकट हातात आलं असतं.

इतक्यात कासाराच्या घरात कडी वाजली. सगुणानं पटकन हात मागे घेतला. आपल्याला काय करायचंय, असं मनाशी म्हणत तिनं गोणपाट उचललं आणि आधीच चमकणारी फरशी पुन्हा घासली. दिवसभर तिला चुटपुट लागून राहिली. संध्याकाळी स्वयंपाकाच्या नादात ती विसरली.

पिंपळ मात्र विसरला नाही. पहिल्या वर्षी तो वीतभर झाला. दुसऱ्या वर्षी लोकांच्या नजरेत आला, पण पिंपळाला हात कोण लावणार? पाप लागतं. तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग तर विषयच संपला. शेळ्यांना पापपुण्याचं काही नव्हतं. त्या येता-जाता त्याचा शेंडा खायच्या. त्यामुळे झाड गुडघ्याएवढंच राहिलं. बघणाऱ्याला वाटायचं, असू दे, आहेच केवढंसं. पण शेळ्या वरचं खातात, खालचं नाही.

पाचव्या वर्षी चैत्रात भिवराबाई पाणी शेंदायला टाक्याच्या तोंडाशी गेली. दर साली चैत्रात पोहरा दहा हात खाली गेला की पाण्यात बुडायचा. त्या दिवशी दहा हात झाले, बारा झाले, पंधरा झाले, आणि दगडावर आपटल्याचा खणकन आवाज आला. तिनं पोहरा वर ओढला. त्यात ओंजळभर गढूळ पाणी होतं.

तासाभरात सारं गाव चौकात जमलं. पाटलानं शेजारच्या गावातून गवंडीबाबांना बोलावून आणलं. टाकं बांधणाऱ्या त्या जुन्या गवंड्याचे हे पणतू, आता तेही सत्तरीला आलेले. ते दोर धरून टाक्यात उतरले. बराच वेळ खालून नुसता टिकावाच्या दांड्याचा ठकठक आवाज येत होता. मग ते धापा टाकत वर आले.

"उताराकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय," ते म्हणाले. "पाणी तिथनंच गेलं. तड्यात माझ्या मनगटाएवढं मूळ आहे. त्या भिंतीच्या डोक्यावर फरशी कुणाची?"

ठकूबाई पुढे झाली. "माझी. पण बघा बाबा, गवताची काडी दाखवून द्या माझ्या फरशीवर!"

भिवराबाईही पुढे आली. "आन् पलीकडची माझी. तीबी बघा. तोंड दिसतंय तिच्यात."

गवंडीबाबांनी वाकून दोन्ही फरश्या बघितल्या. खरोखरच चमकत होत्या. मग त्यांनी मधल्या पिंपळाकडे बोट दाखवलं.

"आणि हे कुणाच्यात?"

 मागच्या बाजूला एकदोघं हसली, पण पाटलानं मागे वळून बघितल्यावर गप्प झाली.

गवंडीबाबा खाली बसले. "हे बघा," ते म्हणाले, "नुसता आतून चुना भरून भागणार नाही. मूळ फरशीखाली, भिंतीच्या माथ्यावर बसलंय. ते ठेवलं तर पुढच्या साली पुन्हा भिंत फोडेल. दोन्हीकडच्या फरश्या उचलून झाड मुळासकट काढावं लागेल, मगच भिंत सांधता येईल. चुन्याला मुरायला महिना पाहिजे. अक्षय तृतीयेच्या आत काम झालं तर पावसाचं पाणी टाक्यात राहील. नाही झालं, तर पडेल तेवढं पाणी उताराला वाहून जाईल. मग गाव हलवावं लागेल, दुसरं काय!"

गाव हलवावं लागेल म्हटल्यावर म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाटील म्हणाला, "लगेच काम धरा बाबा. कुणाची फरशी आधी उचलायची?"

आणि तिथेच सगळं अडलं. कारण ज्याची फरशी आधी उचलली त्याचीच चूक, असं गाव समजणार.

"त्यांची आधी उचला," ठकूबाई म्हणाली. "झाड त्यांच्या बाजूला झुकलंय."

"झुकलंय आमच्याकडं, पण बुंधा त्यांच्याकडं हाय," भिवराबाई म्हणाली. "त्यांची उचला."

पाटलानं दोरी लावून मोजलं. झाड बरोबर मधोमध निघालं. दोन्ही एकदम उचला, असंही कुणीतरी सुचवलं, तर पहार आधी कुणाच्या बाजूनं घालायची यावर दुपार गेली. पाटील चिडून घरी गेला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. गवंडीबाबा रोज सकाळी पहार घेऊन यायचे, सावलीत बसायचे आणि संध्याकाळी परत जायचे.

तोवर प्यायला पाणी पाहिजेच. उताराच्या खाली, ओढ्यात एक झरा होता. गावातल्या बायका पहाटे उठून तिकडे जायला लागल्या. उतरताना ठीक होतं, पण भरलेली घागर डोक्यावर घेऊन चढताना छाती फुटायची. सगुणा रोज दोन घागरी आणायची, एक डोक्यावर आणि एक कमरेवर.

आठव्या दिवशी ती चढून येत होती, तेव्हा वाटेत भिवराबाई बसलेली दिसली. घागर बाजूला लवंडलेली, पाणी सगळं दगडांत मुरलेलं. पाय घसरला होता. एरवी चौकात ताठ उभी राहणारी बाई रिकाम्या घागरीकडे बघत रडत होती.

"मावशी, लागलं का?" सगुणानं विचारलं.

"पायाचं काय एवढं न्हाई गं. एवढं वर आणलं हुतं, ते सांडलं."

सगुणानं आपल्या कमरेवरची घागर तिच्या घागरीत ओतली आणि तिला हाताला धरून वर आणलं.  वाटेत सगुणाला ती दोन तांबूस पानं आठवत होती. आपण दोन बोटांत धरली होती, आणि सोडून दिली. तिला स्वतःची फार लाज वाटली.

चौकात आल्यावर तिनं घागर उतरवली आणि सावलीत बसलेल्या गवंडीबाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, उठा. आमची फरशी आधी उचला."

चौकातली माणसं थांबली. ठकूबाई दारातून ओरडली, "सगुणे! गप बस! चूक आपली ठरंल!"

"ठरू द्या, आत्याबाई. हायच ती." सगुणानं पिंपळाकडे बोट दाखवलं. "पाच वर्सांमागं ह्याला दोन पानं हुती. म्या बघितली. हातात धरली बी हुती. मग कुणीतरी बघंल म्हणून भ्याले आन् सोडून दिली. तवा ओढलं असतं तर कुणाला कळलं बी नसतं. आज सारं गाव डोंगर चढतंय. बाबा, घाला पहार."

 ठकूबाईला पाच वर्षांपूर्वीचा तो सोमवार आठवला, आणि आपण लोटलेलं दारही आठवलं. ती हळूहळू पायऱ्या उतरून आली आणि सुनेच्या शेजारी उभी राहिली.

"तिला म्याच उठवलं हुतं बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "उचला."

गवंडीबाबांनी पहार उचलली. ती फरशीला लागते न लागते, तोच लंगडत लंगडत भिवराबाई पुढे आली. तिच्या हातात घरातली पहार होती.

"थांबा. एकीचीच कशापायी? तिचं खुरपं म्या काढून ठेवाय लावलं हुतं." असं म्हणून तिनं आपल्या फरशीच्या कडेला पहार घातली. "हाणा दोन्हीकडनं!"

मग काय, माणसं धावली. आठ जणांनी पहारी लावल्या. दोन्ही फरश्या एकाच वेळी हलल्या, आणि खाली ते मूळ दिसलं. गुडघ्याएवढ्या झाडाचं मूळ भिंतीच्या माथ्यावर चार हात पसरलं होतं. ते सोडवायला दोन दिवस लागले. पिंपळाची माफी मागून, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून लोकांनी तो खाली ओढ्याच्या काठी नेऊन लावला. तिथे त्याला हवी तेवढी जागा होती आणि पाणीही होतं. महिनाभर तो सुकल्यासारखा दिसला, मग त्याला पालवी फुटली.

भिंत अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी सांधून झाली. गवंडीबाबांनी चौकातल्या सगळ्या सांधी खरवडून घेतल्या. प्रत्येक सांधीतून माती निघाली ती टोपल्यांनी वाहावी लागली. मग वाळू आणि चुना कालवून त्यांनी एकेक सांध ठासून भरली, वरून ओलं गोणपाट घातलं आणि गावाला बजावलं, की महिनाभर इथे कुणी घासायला बसायचं नाही.

गवंडीबाबा निघाले तेव्हा पाटलानं विचारलं, "बाबा, पुन्हा असं होऊ नये म्हणून काही सांगून जा."

गवंडीबाबा म्हणाले, "माझ्या पणजोबांनी फरश्या वाटून दिल्या. दगडावर गवत उगवत नाही हो, ते राखायला काय लागतं? मी सांधी वाटून देतो. एका सांधीला दोन घरं. दोघांनी समोरासमोर बसायचं, आणि निघालेली माती टोपलीत भरून शेतात टाकायची."

त्या वर्षी टाकं काठोकाठ भरलं. श्रावणातल्या एका सोमवारी ठकूबाई आणि भिवराबाई आपापली खुरपी घेऊन मधल्या सांधीवर समोरासमोर बसल्या. दोघींच्या मध्ये एक टोपली. सुरुवातीला दोघी अवघडल्या होत्या. मग भिवराबाईनं ठकूबाईच्या खुरप्याची मूठ सैल झालीय म्हणून तिला नावं ठेवली, ठकूबाईनं उलट उत्तर दिलं, आणि गप्पा सुरू झाल्या. फरश्या पूर्वीइतक्या चमकत नव्हत्या. बोलण्याच्या नादात त्या घासायच्याच राहून गेल्या.

बोलता बोलता भिवराबाईचा हात थांबला. नव्या चुन्याला कडेला केसाएवढी चीर पडली होती आणि त्यात पिंपळाचं एक रोप आलं होतं. दोनच पानं, तांबूस, कोवळी. तिनं खुरपं पुढे केलं, मग मागे घेतलं आणि हाक मारली.

"सगुणे, जरा इकडं ये. हे तू काढ."

सगुणा हातातलं काम टाकून आली. तिनं उकिडवं बसून ते रोप दोन बोटांत धरलं. कासाराच्या घरात कडी वाजली, कुणीतरी बाहेर आलं, पण तिनं मान वर केली नाही. तिनं हलकेच ओढलं. करंगळीएवढं मूळ अख्खं निघून आलं.

"एवढंच हुतं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

ठकूबाईनं टोपलीतली मूठभर माती एका फुटक्या पणतीत घालून तिच्या हातात दिली. सगुणानं रोप त्यात खोचलं आणि खाली नेऊन लावलं. ओढ्याकाठच्या पिंपळाला सोबत झाली.

तात्पर्य काय, तर जे दोघांचं असतं, ते राखायचं काम ज्याला आधी दिसलं त्याचं. कुणाची हद्द हे विचारत बसलं, की दोन बोटांचं काम आठ पहारींवर जातं.